अव्वाच्या दातांचं विरजण

चहा आधी संपवा. कप खाली ठेवा आणि मगच ऐका. हा किस्सा ऐकताना तोंडात घोट असलेला बरा नव्हे. एकदा व्याह्यांना सांगत होतो, तर त्यांचा सगळा चहा माझ्या धोतरावर आला. त्यांचा काय दोष? गाढवपणाच मी असा केलाय, की इतकी वर्षं झाली तरी आठवला की मला स्वतःलाच चूळ भरावीशी वाटते!

मी शिकलेला माणूस नाही. निजामाच्या राज्यातली उर्दू शाळा, दोन सालं गेलो, अलिफ-बे गिरवलं आणि पाटी आईला भाकरीवर झाकायला देऊन टाकली. पण एक हुनर हातात होता. मी गुळव्या होतो. म्हणजे गुऱ्हाळात काहिलीपाशी उभं राहायचं, रस उकळून पाक कधी झाला ते ओळखायचं आणि नेमक्या क्षणी ‘उतरवा!’ म्हणून ओरडायचं. क्षणभर आधी ओरडलं तर गूळ पातळ, क्षणभर उशीर झाला तर करपला. वीस-एकवीस वर्षांचा होतो, पण अणदूरपासून नळदुर्गापर्यंत लोक माझ्या शब्दावर काहील उतरवायचे.

आता हे ओळखायचं कसं? पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची. गोळी नीट वळली की पाक झाला. आणि ती गोळी मग काय फेकून द्यायची? छे हो! तोंडात! दिवसाला चाळीस-पन्नास गोळ्या व्हायच्या. गरम, सोनेरी, दाताला चिकटणाऱ्या. अजून तो वास नाकात आहे. अंगाला, धोतराला, डोक्याच्या पटक्याला गुळाचा वास. रस्त्यानं चाललो तर मुंग्या मागं यायच्या म्हणा ना!

मुंग्यांच्या आधी आला दातांचा रोग. डावीकडची दाढ ठणकायला लागली.

आमच्याकडं तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की दाढेत किडा असतो. जळकोटच्या बाजारात वैदूची बाई बसायची. भुईरिंगणीच्या बिया तापल्या लोखंडावर टाकून त्यांचा धूर नळीनं दाढेत सोडायची आणि मग वाटीतल्या पाण्यात बोट फिरवून किडे दाखवायची. मला तिनं तीन दाखवले. मी स्वतः मोजले. तरी दाढ ठणकतच राहिली. मी मनाशी म्हटलं, म्हणजे चौथा आत राहिला असणार!

त्या हिवाळ्यात मी जळकोटच्या शिवारात बसाप्पांच्या मळ्यावर गुऱ्हाळाला होतो. बसाप्पा म्हणजे भला माणूस, बोलणं कमी, मिशा जास्त. मिशांच्या आत काय आहे ते कुणाला कधी दिसलं नव्हतं. त्यांची मुलगी निलव्वा. दुपारी अंबील आणि भाकरी घेऊन यायची. एकदा तिनं उसाचं कांडं घेतलं, दातानं सर्रकन सोललं आणि सोललेलं माझ्यापुढं धरलं.

“तुमची दाढ दुखतीया न्हवं? घ्या, सोलून दिलाय.”

बस्स. त्या दिवशी एक काहील करपली. पण आठ दिवसांनी बसाप्पांनीच माझ्या मामाकडं निरोप धाडला, की पोरगा कामाचा आहे, पोरीसाठी विचार करावा म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, झालं की! कसलं झालं? घरात अव्वा होती.

अव्वा म्हणजे बसाप्पांची आई. पंचाहत्तरीची. बोलण्यात निम्मं कानडी. दाताला ती ‘हल्लु’ म्हणायची. आणि तिचे स्वतःचे हल्लु काय वर्णावे! बत्तीसच्या बत्तीस जाग्यावर. सुपारी अडकित्त्यानं फोडायची नाही, दातानं फोडायची. बैलबाजारात लोक तिला मुद्दाम बोलवून न्यायचे, कारण बैलाचा ओठ वर करून दात बघितले की त्याचं वय, त्याची चाल, त्याचा मालक किती खोटं बोलतोय, सगळं ती सांगायची. तिनं जाहीर केलं होतं,

“येळवसंला पोराचे दात बघनार. दात किडका आसंल तर नात देनार न्हाय. आतनं सडलेलं घर आन् आतनं सडलेलं तोंड, दोनी सारकंच.”

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्या भागातला रानातला सण. तिला उरले होते पंधरा दिवस. आणि माझ्या तोंडात ही ठणकणारी दाढ!

बाजाराच्या दिवशी मी नळदुर्गच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेब हैद्राबादकडचे. मी वाकून सांगितलं, “साहेब, दाढेत चौथा किडा राहिलाय.”

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “कौन बोला किडा? किडा-विडा कुछ नईं रे. मुँह में बारीक-बारीक जान रहती. आँख कू दिखती नईं. दही कैसा जमता, मालूम?”

“व्हय साहेब. विरजण घालून.”

“हौ. विरजण में बी वैसीच जान है. मीठा खाती, खट्टा करती. तेरे मुँह में बी वैसाच है. कुछ अच्छे, कुछ हरामखोर. तू गूड खिलाता, हरामखोर का कुनबा बढता. अच्छे कू बैठने कू जगा नईं मिलती. वो खट्टे से दाँत गल गया.”

“मग आता?”

“गूड छोड दे. आन् ये दाढ मैं निकालता.” असं म्हणून साहेबांनी सांडशी उचलली.

आता सांगा, गुळव्यानं गूळ सोडायचा कसा? मासळीला म्हणायचं का, पाणी सोड? आणि दाढ काढली तर येळवसला अव्वा ओठ वर करून बघणार आणि तिथं भगदाड! मी म्हटलं, “साहेब, बैलगाडी निघालीया,” आणि दवाखान्याच्या बाहेर. बैलगाडी वगैरे काही नव्हती. चालतच आलो.

पण चालताना डोकं चालतं माणसाचं. माझं त्या दिवशी जरा जास्तच चाललं.

विचार केला, साहेब म्हणाले ते तर आपल्या घरातलंच आहे. दही बिघडलं, त्याला तार सुटायला लागली, तर आई काय करते? ते विरजण टाकून देते आणि ज्या घरचं दही वडीसारखं लागतं त्या घरी वाटी घेऊन जाते. ‘बाई, बोटभर विरजण दे गं.’ कोण नाही म्हणतं? विरजणाला नाही म्हणायची रीतच नाही आमच्यात! मग तोंडाचं विरजण बिघडलं तर? चांगल्या तोंडाचं आणावं! आणि पंचक्रोशीत सगळ्यात चांगलं तोंड कुणाचं?

अव्वाचं!

मी रस्त्यात टाळी वाजवली. एकटाच. समोरून येणारा धनगर मेंढरं घेऊन बाजूला झाला.

आता अव्वाकडं वाटी घेऊन जाऊन ‘अव्वा, बोटभर थुंकी द्या’ असं कसं म्हणणार? पण मळ्यातल्या विहिरीजवळ एक दगड होता. पहाटे घरातली माणसं तिथं बसून दात घासायची. मी काहिलीपासून बघायचो. धुक्यात घोंगडं पांघरून अव्वा दगडावर बसलेली, हात तोंडाशी, मान हलतेय. ती उठून गेली की मी लांबलांब टांगा टाकत जायचो. आणि दगडाच्या कडेला असायची कडुलिंबाची काडी, एका टोकाला छान चावून कुंचा झालेली!

ती काडी मी पटक्यात खोचून आणायचो आणि गुऱ्हाळाच्या मागं उभा राहून चावायचो.

धुऊन का? अहो, विरजण कुणी धुऊन घालतं का?

उष्टं खाऊ नये हे मला ठाऊक होतं. आईनं मारून मारून शिकवलं होतं. पण मी डोळे मिटायचो आणि निलव्वाचं सोललेलं कांडं आठवायचो. आणि खोटं का सांगू, दोन दिवसांनी मला बरं वाटायलाही लागलं! चावून झालेली काडी टाकवेना, म्हणून एका गाडग्यात ठेवायला लागलो. वर फडकं बांधलं आणि गाडगं भट्टीच्या उबेला ठेवलं. थंडीत विरजणाला ऊब लागते, नाही का?

आता पुढं जे झालं ते मला तेव्हा कळलंच नाही, नंतर निलव्वानं सांगितलं. तिच्या आईनं मला काडी उचलून पटक्यात खोचताना बघितलं. ती धावत अव्वाकडं गेली.

“आत्याबाई, घात झाला! त्यो गुळव्या दगडावरची उष्टी काडी चोरून न्हेतोय!”

उष्टी काडी, केस, नखं हे कुणी कशासाठी नेतं, ते आमच्या खेड्यात सांगावं लागत नाही. करणी! त्यात अव्वाला नेमका खोकला झालेला. त्यात म्हैस आटली. मग कुणीतरी भट्टीमागं बघितलं, तर फडकं बांधलेलं गाडगं आणि त्यात काड्या, आणि तेही विस्तवाजवळ! आता काही बाकी राहिलं का?

मला काय दिसत होतं? निलव्वा अंबील घेऊन यायची बंद झाली. मी म्हटलं, बरोबर आहे, ठरत आलं की मुली लाजतात. गुऱ्हाळाच्या दाराला लिंबू-मिरची आणि बिब्बा बांधला गेला. मी म्हटलं, नवरदेवाची दृष्ट निघतेय! चरकावरची माणसं माझ्यापासून चार हात लांब बसायला लागली. मी म्हटलं, जावई होणार म्हणून मान देतायत. बसाप्पा काठी घेऊन माझ्यामागं हिंडायला लागले. मी त्यांना हसून रामराम घालायचो. असला मी!

येळवस उजाडली. काय सांगू तो दिवस! हरभरा फुललेला, जवारी डोक्याच्या वर. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, केलेलं, आत पाच पांडवांची पूजा. भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, मातीच्या मोठ्या केळीत अंबील. पाव्हणे-रावळे सगळे रानात. माझे मामा नवा पटका बांधून आलेले. मी विहिरीवर दोनदा अंघोळ केलेली.

अव्वा कोपीपुढं घोंगड्यावर बसली होती. म्हणाली, “ये रं, फुडं ये. बस.”

मी गेलो, बसलो आणि ती काही म्हणायच्या आधीच डोकं मागं टाकून आ केला. चांगला मोठा.

“मिट त्ये तोंड!” अव्वा ओरडली. “आन् ह्ये काय हाय त्ये सांग!”

बघतो तर निलव्वाच्या आईनं पदराआडून माझं गाडगं काढून मधोमध ठेवलेलं. हातानं नव्हे, चिमट्यानं धरून.

“गाडगं हाय अव्वा.”

“आत?”

“काड्या.”

“किती?”

“अकरा.”

“अकरा!” निलव्वाच्या आईनं छातीवर हात मारला. “ऐका आत्याबाई! तोंडानं अकरा म्हनतंय!”

“कुनाच्या काड्या?”

“तुमच्याच की अव्वा.”

मामांनी पटका काढून हातात घेतला. बसाप्पांनी काठी उचलली.

“काय करतूस त्या काड्यांचं? खरं बोल, पांडवांपुढं बसलायस.”

आता खोटं कसं बोलणार? मी मान खाली घातली. “चावतो.”

सगळ्यांनी माना पुढं काढल्या. बांधावरच्या बाभळीवरच्या कावळ्यानंसुद्धा.

“चावतो म्हंजी?”

“तोंडात घालतो अव्वा. रोज सकाळी. न धुता.”

आधी हसली ती कोपीच्या मागं उभी असलेली निलव्वा. तोंडात पदर कोंबला होता तरी ऐकू आलं. मग मी सगळं सांगितलं. दाढ, वैदूची बाई, डॉक्टरसाहेब, दही, तार सुटलेलं विरजण. शेवटी म्हणालो, “तुमच्यासारखं तोंड कुनाचंच न्हाय अव्वा. म्हनून बोटभर विरजण न्हेलं. विचारायला लाज वाटली.”

अव्वानं गाडगं बाजूला सारलं. मग उजव्या हाताचं बोट वर केलं. काळंभोर बोट.

“ह्ये बघ. म्या जल्मात कदी काडी हातात धरली न्हाय. राखुंडीनं घासती. गोवरीची राख आन् मीठ, ह्या बोटानं.”

मी बोटाकडं बघितलं, मग गाडग्याकडं बघितलं.

“मग... ह्या काड्या?”

तेवढ्यात बसाप्पांनी काठी हळूच खाली टेकवली. घसा खाकरला. एवढा मोठा माणूस, पण आवाज पोराचा झालेला.

“अव्वाच्या आदी दगडावर म्या बसतो. काडी तितंच ऱ्हाती.”

आणि त्या दिवशी पहिल्यांदा, ओशाळं हसताना, बसाप्पांच्या मिशा वर झाल्या. आत चार दात होते. चौघं चार दिशांना तोंड करून उभे. आणि चारी काळे.

मी उठलो. बांधाच्या पलीकडं गेलो. भरलेली घागर होती, ती सगळी घागर मी चुळा भरत रिकामी केली. मागं सगळं रान हसत होतं. पाव्हणे घोंगड्यावर लोळत होते. मामा तेवढे पटक्यात तोंड लपवून बसलेले. मी मनाशी म्हटलं, संपलं. आता गाठोडं बांधायचं आणि सरळ अणदूर गाठायचं. मान वर करून निलव्वाकडं एकदा बघावं असंही वाटलं, पण धीर झाला नाही.

“गुळव्या! हिकडं ये,” अव्वाची हाक आली.

गेलो. तिनं माझी हनुवटी धरली, अंगठ्यानं ओठ वर केला. अगदी बैलाचा करते तसा. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

“दाढ गेलीया. शेजारची जायच्या वाटंवर हाय,” ती म्हणाली. “बाजारात असल्या बैलाला गिऱ्हाईक न्हाय.” मग तिनं निलव्वाकडं बघितलं, आणि त्या बत्तीस दातांतून हसली. “पर फुड्यात पडंल त्ये न हुंगता खातोय. बाई, असला बैल संवसाराला लई चांगला. हो म्हन.”

असं माझं लग्न ठरलं. दाढ डॉक्टरसाहेबांनी हळदीच्या आधी काढली. पुढं निजामाचं राज्य गेलं, मळ्यावरचा चरक इंजनावर चालायला लागला, अव्वा गेली. जाताना तिचे दात तसेच होते. चितेवर ठेवायची आमच्यात रीत नाही, पुरतात. मला वाटतं, मातीतही ते अजून तसेच असतील.

निलव्वानं अव्वाचे दात घेतले होते. लग्नानंतर रोज जेवण झालं की सुपारी दातानं फोडायची. अर्धी स्वतः ठेवायची, अर्धी माझ्या हातावर. “घ्या, इरजण,” म्हणायची. पन्नास वर्षं रोज म्हणायची, आणि पन्नास वर्षं रोज स्वतःच हसायची. एका ताटात जेवलो आम्ही. ती गेली तेव्हा तिच्या तोंडातून एकही दात पडलेला नव्हता. मला मात्र सुपारी चघळता येईल इतके दात उरले नव्हते. तरी मी ती अर्धी सुपारी खिशात ठेवायचो. अजून एक आहे, शेवटची.

माझी नात दातांची डॉक्टर झालीय. परवा तिला सगळं सांगितलं. हसली, मग म्हणाली, “आजोबा, तुमच्या डॉक्टरसाहेबांचं खरं होतं बरं का. तोंडात चांगले आणि वाईट जंतू जागेसाठी भांडतच असतात. आधी येऊन बसले ते दुसऱ्याला सहजी बसू देत नाहीत. आपण सारखं गोड खाल्लं की तोंड आंबट होतं. त्या आंबटात चांगले मरतात आणि वाईट तगतात. नुसतं विरजण आणून काय उपयोग? तुम्ही दिवसाला पन्नास गुळाच्या गोळ्या खात होतात!”

म्हणजे बघा. बी पेरायला निघालो, तेही तणाचं. आणि वर त्याला गुळाचं खत घातलं!

मी तिला म्हटलं, “अगं पण मग पन्नास वर्षं तुझ्या आजीनं रोज उष्टी सुपारी दिली, त्यानं काहीच का झालं नाही?”

“जागा आधीच भरलेली होती ना आजोबा.”

खरं आहे. तिच्या तोंडात अव्वा बसली होती आणि माझ्या तोंडात बसाप्पा. दोघांनीही शेवटपर्यंत जागा सोडली नाही.

त्याच दिवशी नातीनं माझा शेवटचा दात काढला. काळा, वाकडा, एका बाजूला तोंड करून उभा असलेला. चिमट्यात धरून टोपलीत टाकायला निघाली, तर मी तिचा हात धरला.

“हळू टाक गं बाई,” म्हटलं. “सासरे आहेत माझे.”